शेल स्क्रिप्टमधील रिक्त चल : स्वरूप आणि तपासणी

प्रस्तावना

गुणपत्रकातील 'शून्य', 'अनुपस्थित' आणि कोरा रकाना या तीन भिन्न नोंदी होत, हे प्रत्येक परीक्षक जाणतो. लिनक्स प्रणालीवरील शेल स्क्रिप्टमध्ये मात्र असा भेद आपोआप पाळला जात नाही. अक्कलकोटसारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातही विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या प्रती काढणे, जुन्या फायली हटवणे ही कामे अशा स्क्रिप्टवर सोपवता येतात. त्या दृष्टीने रिक्त चलाच्या तपासणीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

धोक्याचे स्वरूप

मूल्य न दिलेले चल वापरणे ही शेलच्या लेखी चूक नव्हे. चलाच्या जागी काहीच येत नाही, इतकेच. फायली हटवण्याच्या आज्ञेत फोल्डरचे नाव चलात असून त्यापुढे तिरकी रेघ व तारांकन असेल आणि चल रिक्त राहिले, तर आज्ञा मूळ फोल्डरलाच लागू होते. जानेवारी २०१५ मध्ये उघड झालेल्या स्टीमच्या लिनक्स आवृत्तीतील दोषाचे कारण हेच होते. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठात चालू स्क्रिप्ट मध्येच बदलली गेल्याने चले अघोषित राहिली आणि महासंगणकावरील सुमारे ७७ टेराबाइट माहिती पुसली गेली.

रिक्ततेचे प्रकार व कसोट्या

चल तीन प्रकारे रिक्त असू शकते : (१) अघोषित, (२) घोषित परंतु मूल्यरहित, (३) केवळ मोकळ्या जागा असलेले. '-झेड' ही कसोटी पहिले दोन प्रकार ओळखते, तिसरा नाही. त्यासाठी मोकळ्या जागा आधी काढून मग कसोटी लावावी लागते.

एकेरी चौकटी कंसातील '-एन' कसोटीत चलाभोवती दुहेरी अवतरणचिन्हे नसतील, तर रिक्त चलामुळे कंसात एकटे '-एन' उरते. शेल त्यालाच मजकूर समजून 'सत्य' असे उत्तर देते. 'सेट -यू' ही आज्ञा केवळ अघोषित चलावर स्क्रिप्ट थांबवते. महिरपी कंसात चलनामापुढे ':?' लिहिल्यास मात्र पहिल्या दोन्ही प्रकारांत स्क्रिप्ट थांबते.

मराठी मजकुराचा विशेष

'दुसर्‍या' यांसारख्या शब्दांतील अर्धा र टंकताना अनेकदा शून्य-रुंदीचे जोडचिन्ह वापरले जाते. मूळ मजकूर पुसताना ते मागे राहिले, तर रकाना कोरा दिसतो. परंतु '-झेड' त्यास रिक्त मानत नाही. हे चिन्ह मोकळ्या जागांच्या वर्गात मोडत नसल्याने ते स्वतंत्रपणे काढावे लागते.

निष्कर्ष

कोणती रिक्तता चालेल व कोणती नाही, हे स्क्रिप्ट लिहिणाऱ्यानेच ठरवले पाहिजे. अहवालातील कोऱ्या नावाची केवळ सूचना मिळाली तरी पुरते. फायली हटवण्यापूर्वी मात्र रिक्त चल आढळताच स्क्रिप्ट थांबणेच इष्ट होय.