पिठ्ठूची टीप

लष्कराचा जुना पिठ्ठू फाटतो तो बहुतेक ठरलेल्या जागी. खांद्याचा पट्टा पाठीच्या वरच्या कडेला जिथं शिवलेला असतो, तिथली टीप आधी सुटते. मग उरलेल्या टाक्यांवर सगळं ओझं येतं आणि ते टाके कापड घेऊनच निघतात. म्हणून जुना पिठ्ठू घेताना मी तो उलटा करून पट्ट्याच्या मुळाशी अंगठा दाबून बघतो. टाके हलत असले तर हरकत नाही. टाक्यांची भोकं लांबट झाली असतील तर मात्र पिठ्ठू परत ठेवून द्यायचा, कितीही स्वस्त असला तरी.

बेळगावात असे पिठ्ठू हाताशी येतात त्याला कारण आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून इथंच आहे. चंदगड, गडहिंग्लज, खानापूर, निपाणी या पट्ट्यात फौजेतून आलेला माणूस नाही असं गाव शोधावं लागेल. तिकडे शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचं नावच सैनिक टाकळी आहे. बाद ठरलेलं सामान लिलावात निघतं, व्यापाऱ्यांच्या हातून बाजारात येतं, आणि कुणाच्या तरी माळ्यावर ट्रंकेशेजारी वर्षानुवर्षं पडून राहतं. घ्यायचा तो साधा हिरवा किंवा खाकी, सुती कॅनव्हासचा. चट्ट्यापट्ट्यांचं लढाऊ कापड घेऊन डोंगरात हिंडू नये. २०१६ च्या पठाणकोट हल्ल्यानंतर लष्करानेच तसं आवाहन केलं होतं आणि ते रास्त आहे.

सैनिकाचं ओझं पूर्वी चामड्याच्या पट्ट्यांवर असे. बोअर युद्धात ब्रिटिशांच्या ध्यानात आलं, की भिजून वाळून चामडं ताठरतं आणि तडकतं. त्यातून १९०८ चा विणलेल्या सुती नवारीचा साज आला, आणि पुढे १९३७ चा. दुसऱ्या महायुद्धात इटलीपर्यंत लढलेले मराठे हाच १९३७ चा साज अंगावर घेऊन होते, आणि स्वतंत्र भारताच्या फौजेने १९६२ च्या युद्धातही तोच वापरला. जाड नवार, पितळी बक्कल, पट्ट्याच्या टोकाला पितळी टोपण. बिघडेल असं त्यात फारसं काही नाही, आणि जे बिघडतं ते गल्लीत दुरुस्त होतं. आजच्या महागड्या सॅकची चेन गेली की सॅक गेली. प्लॅस्टिकचं बक्कल तुटलं की त्याच मापाचं शोधत बसावं लागतं.

दुरुस्ती मी बघितली आणि शिकलो ती निपाणीकडच्या एका चर्मकार मामांकडे. त्यांच्या घरात चपला शिवण्याचं काम पिढीजात. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय मानांकन मिळालं, त्यात कोल्हापूर-सांगलीबरोबर बेळगाव जिल्हाही आहे. चांगल्या कोल्हापुरीला खिळा नसतो, तळ चामड्याच्या वादीने शिवतात. खिळ्यावाचून ओझं धरून ठेवणाऱ्या या हातांना पिठ्ठूचा पट्टा नवा नाही.

मामा जुने टाके ओढून काढत नाहीत. रापीच्या टोकाने एकेक टाका उचलून कापतात, कारण ओढला की भोक रुंदावतं. मग जागा झाडून साफ करतात आणि आरी घेतात. आरीच्या टोकाजवळ बारीक खाच असते. वरून आरी घालायची, खालून डाव्या हाताने दोरा त्या खाचेत अडकवायचा, फास वर ओढून घ्यायचा, त्यातून दोऱ्याचं दुसरं टोक सारायचं आणि दोन्ही बाजूंनी सारखं ताणायचं. दोन दोऱ्यांचा विळखा कापडाच्या पोटात बसला पाहिजे, वर दिसता कामा नये. आरी जाते ती जुन्याच भोकांतून. नवी भोकं पाडत गेलं, की पट्टा पोस्टाच्या तिकिटासारखा रेघेवर फाटतो. शेवटी चौकोन पूर्ण करून आत फुली मारतात, म्हणजे ओढ एका रेघेवर न येता चौफेर वाटली जाते.

बुटांसाठी त्यांच्याकडे नायलॉनचा दोरा असतो. पिठ्ठूला मात्र ते मेण चोळलेला सुती दोराच घेतात. कारण विचारलं तर म्हणाले, "दोरा तुटला तर परत घालता येतोय की. कापड गेलं तर काय करणार हाईस?"

या एका बोलण्यात सगळी दुरुस्ती आली असं मला वाटतं. पक्कं करायच्या हौसेने लोक जुन्या कापडावर त्याच्यापेक्षा दणकट काहीतरी चढवतात. नायलॉनचा दोरा, रेक्झिनचं ठिगळ, जाडजूड रिव्हेट. ओझ्याची ओढ बसली की नायलॉन सुती धाग्याला कापत जातं. रिव्हेटच्या कडेने कापड झिजतं. आणि पुढच्या वेळी जिथं फाटतं तिथं शिवायला जागाच उरलेली नसते. दुरुस्ती मूळ कापडापेक्षा थोडी हळवी असावी, म्हणजे तुटेल ते आपण घातलेलं तुटेल.

ठिगळाचंही तेच. जुन्या तंबूचं किंवा ताडपत्रीचं सुती कापड घ्यावं, ते आधी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवावं. हे टाळलं तर पहिल्या पावसात ठिगळ आटतं आणि भोवतालच्या कापडाला चुण्या पाडतं. कोपरे गोल कापावेत, उभा-आडवा धागा मूळ कापडाशी जुळवावा.

पाऊस हा इथला मोठा प्रश्न. जांबोटीच्या पुढे, मलप्रभेच्या उगमाशी कणकुंबीला किंवा चोर्ल्याकडे जो पाऊस पडतो, त्यात सुती कॅनव्हासचे धागे फुगतात आणि वीण घट्ट होते. थोडा वेळ पाणी अडतं, मग झिरपतंच. मधमाशांचं मेण आणि पॅराफिन गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवून कापडावर चोळावं आणि वर्तमानपत्र ठेवून इस्त्री फिरवावी. झाकणाला आणि बुडाला लावावं. पाठीच्या बाजूला आणि पट्ट्यांना नको, घामाने मेण सदऱ्याला लागतं. पिठ्ठू धुवायचा तर रिठ्याच्या पाण्याने, वॉशिंग मशीन नको. पितळेवरचा हिरवा कळंक चिंचेने जातो. ओला पिठ्ठू गुंडाळून ठेवला, की आठवड्यात बुरशीचे काळे ठिपके येतात, आणि ते निघाले तरी तिथला धागा कुजलेला असतो.

एक उणीव मात्र दुरुस्त होत नाही. या पिठ्ठूला कमरपट्टा नाही, सगळा भार खांद्यांवर. सैनिकाला पुढच्या बाजूच्या काडतुसांच्या पिशव्यांनी तोल मिळत असे. आपल्या छातीवर तसं काही नसतं. म्हणून दहा किलोच्या आत भरावं, जड सामान पाठीला चिकटून आणि वर, अंथरूण तळाशी. येळ्ळूरचा राजहंसगड किंवा देवरवाडीचा वैजनाथ असा दिवसभराचा पल्ला त्यात निभतो. पारगडावर मुक्कामाला जायचं तर सामानाची काटछाट करावी लागते.

नव्या टिपेची परीक्षा डोंगरात घेऊ नये. पिठ्ठूत दहा किलो ज्वारी भरून तो रात्रभर आढ्याच्या कडीला टांगून ठेवावा. सकाळी उतरवून पट्ट्याचं मूळ उजेडात धरावं आणि चौकोनाचे वरचे दोन कोपरे बघावेत. दोरा सैल झालेला असेल तर तेवढेच टाके पुन्हा घालायचे.