ग्रामसभा भरते तेव्हा वाडी कुठे असते?

दिवाळी सरली की ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांत बिऱ्हाडे बांधायला घेतात. भातकापणी उरकलेली असते, भट्टीवाल्याकडून घेतलेली उचल खर्चूनही झालेली असते. मग एके दिवशी टेम्पो येतो आणि नवरा-बायको पोराबाळांसह, कोंबड्यांसह भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जातात. परततात ते पावसाच्या तोंडावर.

आता सरकारी पंचांग उघडा. ग्रामसभेचे नेहमीचे दिवस चार: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. पहिल्या दोन दिवशी निम्मी वाडी भट्टीवर असते. १५ ऑगस्टला आवणी उरकलेली असली तरी बेणणी चालू असते, आणि सभा भरते ती गावठाणात, वाडीपासून ओढा ओलांडून पलीकडे. उरला २ ऑक्टोबर. बायकांचा निर्णयप्रक्रियेतला सहभाग असे भारदस्त शब्द वापरून आपण जे काही बोलतो, त्याचे गणित या भागात तारखांपाशीच अडते.

कायद्याने हात आखडता घेतला, असे कुणी म्हणू शकणार नाही. महाराष्ट्राने ७३व्या घटनादुरुस्तीच्या आधीच, १९९० मध्ये, स्थानिक संस्थांत महिलांसाठी ३० टक्के जागा ठेवल्या. १९९३ पासून देशभर एक तृतीयांश झाल्या आणि २०११ मध्ये राज्याने त्या निम्म्यावर नेल्या. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणजे तिथे १९९६ चा पेसा (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा) कायदा लागू. तिथले सरपंचपद आदिवासींकडेच, आणि त्यातली निम्मी पदे बायकांकडे. शिवाय प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी असेही बंधन आहे. ती किती ठिकाणी खरोखर भरते आणि किती ठिकाणी फक्त इतिवृत्ताच्या वहीत भरते, हे वही लिहिणाऱ्याला ठाऊक!

तारखांच्या या कोड्याला पेसामध्येच एक वाट आहे आणि तिची चर्चा फार कमी होते. राज्याच्या २०१४ च्या पेसा नियमांनुसार एखाद्या पाड्याला किंवा वाडीला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करून घेता येते. तिथल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी ठराव करायचा आणि तो उपविभागीय अधिकाऱ्याकडे द्यायचा. मग ग्रामसभा वाडीची स्वतःची. आपली माणसे घरी असतील तेव्हा सभा बोलावण्याचा आग्रह वाडीला धरता येईल, आणि बाईला कडेवर पोर घेऊन ओढा ओलांडावा लागणार नाही. माझ्या मते निम्म्या खुर्च्यांहून हे कलम मोठे आहे. खुर्चीवर एक बाई बसते. वाडीच्या सभेत सगळ्याच बसू शकतात.

खुर्चीवरच्या बाईची कथा वेगळीच. पंचायतीचे पैसे आता सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या डिजिटल सहीने निघतात. ती सही एका डोंगलमध्ये असते, आणि अनेक ठिकाणी सरपंचबाईंचे डोंगल ‘मालकां’च्या खिशात असते. पूर्वी निदान चेकवर सही करताना बाईला पेन हातात धरावे लागे.

म्हणून मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा मला नुसती कौतुकाची बातमी वाटत नाही. ८ मार्च २०१६ ला शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती सुरू केली. गुलाबी नऊवारीतल्या साठीपुढच्या आज्या पाटी-दप्तर घेऊन वर्गात बसलेल्या साऱ्या जगाने फोटोत पाहिल्या. फोटोत न दिसणारी गोष्ट अशी की, अंगठा उमटवणारी बाई कागदावर काय लिहिलेय हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकते. सही करणारी निदान कागद उलटून बघते.

कागद बघण्याचे महत्त्व याच तालुक्याने काळू धरणाच्या वेळी अनुभवले. तानसा, भातसा ही धरणे शेजारच्या शहापुरात. त्यांचे पाणी मुंबईला जाते आणि धरणाकाठच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, हंडे बायकांच्या डोक्यावर. मुंबई महानगराच्या पाण्यासाठीच मुरबाडमध्ये काळू नदीवर धरण योजले गेले, सुमारे हजार हेक्टर वनजमीन बुडवणारे. वनखात्याची मंजुरी नसताना २०११ मध्ये काम सुरू झाले. बुडीत क्षेत्रातल्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, इंदवी तुळपुळे यांच्या श्रमिक मुक्ती संघटनेने उच्च न्यायालय गाठले आणि २०१२ मध्ये न्यायालयाने काम थांबवले. वनजमिनीबाबत बोलायचे तर वनहक्क कायद्याच्या नियमांत ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका लागतात. वनहक्क समितीतही तेवढ्याच. वनपट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. बाई सभेला आलीच नाही तर सभाच अपुरी ठरते, असे लिहिणारे कायदे आपल्याकडे थोडे आहेत.

निवडून आलेल्या बाईला खाली खेचायच्या युक्त्याही थोड्या नाहीत. महिलांसाठी राखीव पदावरच्या सरपंचबाईवर अविश्वास आणायला तीन चतुर्थांश बहुमत लागते, म्हणून विरोधक अपात्रतेच्या वाटेने जातात. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडे गावच्या सरपंचबाईंना असेच काढले गेले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांना पुन्हा पदावर बसवले. शिवाय जाती-जमातींसाठी राखीव जागेवर जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि सासरी नांदणाऱ्या बाईला त्यासाठी माहेरचे, बापा-आजाच्या नावचे दाखले शोधावे लागतात. माहेर दुसऱ्या तालुक्यात, दाखला तिसऱ्याच कचेरीत, मुदत मात्र चालूच.

वरच्या पायऱ्यांवर चित्र झपाट्याने बदलते. ठाणे जिल्हा परिषदेत २०१८ पासून मंजुषा जाधव, सुषमा लोणे, पुष्पा पाटील अशा महिला अध्यक्ष झाल्या. २०२३ मध्ये सदस्यांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. सभागृहच नाही तर निम्म्या जागा कसल्या? विधानसभेचे विचाराल तर २००९ पासूनच्या चारही निवडणुकांत शहापूर आणि मुरबाडने पुरुषच पाठवले. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी महिला २१. १०६व्या घटनादुरुस्तीने २०२३ मध्ये एक तृतीयांश जागा दिल्या, पण त्या जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर. आदिवासींसाठी राखीव जागांतूनही एक तृतीयांश बायकांच्या असतील, आणि शहापूर त्याच यादीतले. तोवर तिथल्या आदिवासी बाईला तिकीट द्यायला कुठल्याही पक्षाला कायद्याची आडकाठी नाही.