उपनगरांतील लाकडी खोपीचा पाया आणि कडीपाट

बोरिवली-मुलुंडसारख्या उपनगरांत अवजारांसाठी लाकडी खोपी उभारताना भारापेक्षा ओलीचाच विचार आधी करावा लागतो. 26-27 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, हे ध्यानात घेता तळाचे लाकूड जमिनीस टेकू न देणे अगत्याचे ठरते. लाकडातील ओल सुमारे 20 टक्क्यांवर राहिली की बुरशी पोसते; जमिनीतील वाळवीही मातीतूनच वर चढते. जुन्या वाड्यांतील खांबांखालचा दगडी तळखडा हा या दोहोंवरील उपाय होय. तळखडा उघडा असल्यास वाळवीची मातीची नळी वेळीच दृष्टीस पडते.

खोपीसाठीही प्रथम तळखडे पाणसळीत बसवावेत. त्यांवर तुळया व तुळयांवर कड्या टाकाव्यात. कडी उभी ठेवावी, कारण 5 × 15 सेंटिमीटर छेदाची कडी आडवीपेक्षा उभी नऊपट ताठ असते. चौकट 3 × 4 मीटरची असल्यास दोन्ही कर्ण 5 मीटर भरले पाहिजेत. अन्यथा कोन काटकोन नव्हेत. सागाचा गाभा वाळवीस सहसा दाद देत नाही, बाहेरचे फिकट लाकूड मात्र देते. म्हणून ते वगळावे. फळ्यांखाली वारा खेळता राहिला, तरच असा कडीपाट अनेक पावसाळे टिकतो.