एसटीपीला नाक मुरडण्याआधी

"प्लांट आला की बदबू आलीच." दुर्ग-भिलाईकडच्या मराठी घरांत हे वाक्य असंच, अर्धं हिंदीत बोललं जातं. दुर्गच्या पद्मनाभपुरात सांडपाण्याचा विषय निघाला की कोणीतरी ते म्हणतंच आणि बाकीचे माना डोलावतात. बोलणारा बहुधा घरासमोरच्या उघड्या नालीवर टाकलेल्या फरशीवर उभा असतो. खाली पाणी तुंबलेलं, वर काळपट थर, डासांचा घोळका. त्या वासाची नाकाला सवय झाली आहे, त्यामुळे तो हिशेबात धरला जात नाही. न बांधलेल्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचा, म्हणजे एसटीपीचा, वास मात्र आत्तापासूनच येऊ लागतो.

हा एकच गैरसमज एवढा भारी आहे की बाकीच्यांच्या वाट्याला एकेक ओळ आली तरी पुष्कळ.

सांडपाण्यात 99.9 टक्के पाणीच असतं. घरातून नुकतंच बाहेर पडलेल्या सांडपाण्याला साबणाचा, धुतलेल्या भांड्यांचा, थोडा कुबट असा वास असतो. नाक दाबावं लागेल असा नसतो. त्यात थोडा प्राणवायू विरघळलेला असतो. तो आहे तोवर त्यावर जगणारे जीवाणू मळ खातात आणि कार्बन डायऑक्साइड व पाणी बाहेर टाकतात. दोन्हींना वास नाही. पण काही तासांत हा प्राणवायू संपतो, मे महिन्यात तर फारच लवकर. मग दुसऱ्या जातीचे जीवाणू कामाला लागतात. त्यांना मोकळा प्राणवायू लागत नाही, ते सल्फेटमधला काढून घेतात. सल्फेट पाण्यात असतंच, लघवीत असतं, धुण्याच्या पावडरीत भर म्हणून घातलेलं असतं. त्यातला प्राणवायू गेला की उरतो सल्फाइड, आणि त्यातून बनतो सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. फुलदाणीतलं पाणी चार दिवस बदललं नाही की होतं ते हेच: फुलं तीच, पाणी तेच, हवा तेवढी संपलेली.

हे जीवाणू राहतात कुठे? पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात, सेप्टिक टँकच्या तळाशी, तुंबलेल्या नालीच्या गाळात. म्हणजे वास तयार होतो तो वाटेत. प्रकल्पाच्या दारात पाणी पोचतं तेव्हा सल्फाइड त्यात आधीच विरघळलेला असतो. पाण्याचा पीएच 7 असेल तर त्यातला साधारण निम्मा वायुरूपात निसटायला तयार असतो. 8 असेल तर जेमतेम दहावा हिस्सा. पाणी संथ वाहत असेल तर तो पाण्यातच दबून राहतो. प्रकल्पात शिरताच मात्र पाणी पंपातून उसळतं, जाळीवर आपटतं, वाळू वेगळी करणाऱ्या टाकीत घुसळलं जातं आणि वाटेत साठलेला सगळा वायू एकदम सुटतो. वास केला वाटेनं, खापर फुटलं प्रकल्पाच्या माथी.

यावर लोकांचा तयार उपाय असतो: "मग गावाबाहेर लांब बांधा ना!" इथे मला खरंच चिडायला होतं. लांब बांधायचं म्हणजे सांडपाणी पंपानं दाबून कित्येक किलोमीटर न्यायचं. दाबाच्या पाइपमध्ये पाणी काठोकाठ भरलेलं असतं, वर हवेला जागाच नसते, त्यामुळे बाहेरून प्राणवायू मिळण्याची सोयच नाही. रात्री प्रवाह कमी झाला की पाणी तासन्‌तास आतच पडून राहतं. प्रकल्प जितका लांब, तितका त्यात पोचणाऱ्या पाण्यात सल्फाइड जास्त. तोच वायू पुढे काँक्रीटच्या गटाराच्या छतावर ओलाव्यात विरघळतो, तिथले जीवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात आणि छत कुरतडलं जातं. पाइप खचला, रस्त्याला भगदाड पडलं की आपण पावसाला शिव्या देतो.

उलट टोकाची उदाहरणं बघा. स्टॉकहोमचा हेन्रिक्सदाल प्रकल्प 1941 पासून शहरातल्याच एका टेकडीच्या पोटात, खडकात कोरलेल्या दालनांत चालतो आणि टेकडीवर माणसं राहतात. हेलसिंकीचा वीकिनमाकी 1994 पासून असाच जमिनीखाली आहे, वर वस्ती. तिथल्या लोकांची नाकं काही आपल्यापेक्षा कमी तिखट नाहीत. कोणी म्हणेल, ते श्रीमंत देश. बरोबर. पण मुद्दा पैशाचा निघाला की "प्लांट म्हणजे वास" हा नियम राहत नाही, तो खर्चाचा आणि निगराणीचा प्रश्न होतो.

"मग नागपूरचं भांडेवाडी?" हा पुढचा प्रश्न, कारण आपल्याकडे निम्म्या घरांचे सोयरे नागपुरात. भांडेवाडीला 200 आणि 130 एमएलडी क्षमतेचे प्रकल्प आहेत. एक एमएलडी म्हणजे रोजचे दहा लाख लिटर. त्यांचं शुद्ध केलेलं पाणी कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांना जातं, म्हणजे तेवढं धरणाचं पाणी वाचतं. पण त्याच भांडेवाडीत शहराचा कचऱ्याचा डंपिंग यार्डही आहे, वर्षानुवर्षांच्या ढिगांसकट. तिथून जाताना नाकाला रुमाल लावणाऱ्याला दोन्ही वास वेगळे काढता येत नाहीत, आणि नावानं आठवतो तो "प्लांट". सडक्या अंड्याचा वास असेल तर सांडपाण्याकडे बोट दाखवा. आंबट, गोडसर, कुजका वास असेल तर बहुधा कचऱ्याकडे.

आता प्रकल्पवाल्यांचीही बाजू फार ताणत नाही. प्रकल्पाला स्वतःचा वास असतोच, आणि तो मुख्यतः गाळाचा. प्राथमिक टाकीच्या तळाशी बसलेला गाळ वेळेवर काढला नाही, घट्ट करण्याच्या टाकीत दिवसभर ठेवला, वाळवायच्या वाफ्यांवर पावसात भिजू दिला, तर तो घाण मारणारच. मधली मोठी टाकी, जिच्यात ब्लोअरनं हवा फुंकतात आणि पाणी सतत खदखदत असतं, ती लोकांना सगळ्यात घाणेरडी वाटते. नीट चालत असेल तर तिचा वास ओल्या मातीसारखा असतो. ती घाण मारू लागली तर एक प्रश्न विचारायचा: ब्लोअर चालू आहे का? पुण्या-नागपूरच्या सोसायट्यांतल्या छोट्या एसटीपींची निम्मी कहाणी इथेच संपते. विजेचं बिल वाचवायला रात्री ब्लोअर बंद, पहाटे टाकीतले जीवाणू गुदमरलेले, सकाळी तळमजल्यावर वास. मग सभेत ठराव होतो की एसटीपीच बंद करा. म्हणजे हवा बंद केल्यानं जे बिघडलं, ते आणखी बंद करून सुधारायचं!

वास रोखण्याची तंत्रं काही गूढ नाहीत. पहिली पायरी वाटेतच: पाइपला पुरेसा उतार, पंपाच्या विहिरीत पाणी तुंबू न देणं, आणि गरज पडेल तिथे रसायनाचा डोस. कॅल्शियम नायट्रेट घातलं की जीवाणूंना सल्फेटऐवजी नायट्रेटमधला प्राणवायू मिळतो आणि ते सल्फाइडच्या वाटेला जात नाहीत. लोहाचे क्षार घातले तर सल्फाइड लोहाशी बांधला जाऊन काळा साका बनतो आणि वायू होऊन उडत नाही. पोलाद धुण्याच्या पिकलिंग प्रक्रियेत उरणारं लोहयुक्त द्रावण जगभर या कामाला वापरतात. लोखंडावर वाढलेल्या भिलाईत लोखंडाचा हा उपयोग सांगावा लागतो, याची मला गंमत वाटते.

दुसरी पायरी प्रकल्पात. येणाऱ्या पाण्याचा हौद, जाळ्या, वाळूची टाकी आणि गाळाच्या टाक्या झाकायच्या. नुसतं झाकण पुरत नाही. आतली हवा पंख्यानं सतत ओढून घ्यायची, म्हणजे फटीतून हवा आत जाते, बाहेर येत नाही. ओढलेली हवा बायोफिल्टरमधून न्यायची. हा असतो लाकडाच्या ढलप्यांचा, कंपोस्टचा किंवा नारळाच्या काथ्याचा ओलसर थर, आणि त्यावर वाढलेले जीवाणू हायड्रोजन सल्फाइड खाऊन त्याचं सल्फेट करतात. हवा त्या थरात अर्धा ते एक मिनिट राहिली तर बहुतेक वास जातो. अमेरिकेत रिचर्ड पॉमेरॉय यांना याचं पेटंट 1957 मध्ये मिळालं, म्हणजे तंत्र जवळजवळ भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वयाचं. वायूचं प्रमाण फार असेल तर कॉस्टिक आणि हायपोक्लोराइटच्या फवाऱ्याचे स्क्रबर, शेवटी उरलेल्यासाठी सक्रिय कोळसा. यातलं काहीही एकदा बसवून विसरण्याजोगं नाही. थर सुकला की जीवाणू मरतात, काही वर्षांनी तो बदलावा लागतो, कोळसा भरला की संपतो. टेंडरमध्ये यंत्र असतं, पण पुढच्या वर्षांची देखभाल आहे का? नगर निगमाला विचारायचं ते हे.

आणि हे विचारावंच लागतं, कारण कायद्यात नाकाला जागा नाही. केंद्राच्या 13 ऑक्टोबर 2017 च्या अधिसूचनेत एसटीपीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी पीएच, बीओडी (मळ कुजवायला जीवाणूंना लागणारा प्राणवायू), तरंगते घन कण आणि विष्ठेतले जीवाणू यांच्या मर्यादा आहेत, वासाची नाही. हवेच्या 2009 च्या राष्ट्रीय मानकांत 12 प्रदूषक आहेत, त्यांत अमोनिया आहे, हायड्रोजन सल्फाइड नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2008 मध्ये वासाबद्दल मार्गदर्शिका काढली, पण मार्गदर्शिका म्हणजे बंधन नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनं वासाचा त्रास टाळायला अर्ध्या तासाच्या सरासरीत घनमीटरला 7 मायक्रोग्रॅम ही पातळी सुचवली आहे. जपाननं तर दुर्गंधीचा स्वतंत्र कायदा 1971 मध्येच केला.

उरलेले गैरसमज भराभर.

सुगंधी फवारा मारला की वास जातो: नाही, गुलाब आणि सडकं अंडं असे दोन वास येतात.

भोवती झाडं लावली की वास शोषला जातो: झाडांनी वारा थोडा वर उचलला जातो, वास विरळ होतो आणि प्रकल्प नजरेआड होतो, वायू पानांत शिरून नाहीसा होत नाही. झाडं लावाच, फक्त ती झाकणांच्या जागी दाखवू देऊ नका.

रात्री गुपचूप काहीतरी सोडतात: हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकते, वारा पडलेला असतो, आणि दुपारी विरून गेला असता तोच वास खाली साठतो. तरी संशय असेल तर तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवा. अशा नोंदीची तक्रार फेटाळणं अवघड जातं.

वास नाही म्हणजे पाणी शुद्ध: शिवनाथ नदीच्या वाहत्या पाण्याला वास नसेल, म्हणून त्यात जंतू नाहीत असं होत नाही.

प्रकल्प नसलेलंच बरं: केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मार्च 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत छत्तीसगडच्या शहरांचं सांडपाणी रोज 1203 एमएलडी आणि शुद्धीकरणाची क्षमता 73 एमएलडी होती. त्यानंतर रायपूरला खारुन नदीच्या काठी मोठे प्रकल्प आले. पण नाल्यांना आज जो वास येतो, तो याच तुटीचा आहे.

चेंबरला वास आला की ॲसिड ओता: हे करू नका. पीएच उतरला की पाण्यात दबलेला सल्फाइड झपाट्यानं वायू होऊन बाहेर पडतो, तोही तुमच्या तोंडावर.

शेवटचा गैरसमज मात्र एका ओळीत उरकता येत नाही: वास थांबला म्हणजे धोका टळला. हायड्रोजन सल्फाइड हवेच्या अब्ज भागांत चार-दोन भाग असला तरी नाकाला कळतो. म्हणून प्रकल्पाच्या कुंपणाबाहेर येणारा वास त्रासाचा असतो, डोकं दुखवतो, झोप मोडतो. पण त्या पातळीला जीव जात नाही. तोच वायू दशलक्ष भागांत 100 च्या आसपास गेला की नाक बधिर होतं आणि वास यायचाच थांबतो. सेप्टिक टँकमध्ये उतरलेल्या माणसाला वाटतं की वायू निघून गेला. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. आणि काही वायूंना मुळात वासच नसतो. 12 जून 2014 ला भिलाई स्टील प्लांटमधल्या गळतीत सहा जण गेले, त्यांत वरिष्ठ अधिकारीही होते. तो कार्बन मोनॉक्साइड होता. टँक किंवा गटार साफ करायला माणसाला साधनांवाचून उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. तरी कोणी "आता वास येत नाही, उतर" म्हणालं तर त्याला गॅस डिटेक्टर मागायचा, आणि तो नसेल तर झाकण तसंच उघडं ठेवून सगळ्यांना बाजूला करून सक्शनची गाडी बोलवायची.