ठोके मोजणाऱ्यांची शर्यत

लेखमाला : दवाखाना घरी येतो – लेखांक ६

साखर मोजण्याचे यंत्र घरोघरी कसे पोहोचले, ते गेल्या आठवड्यात आपण पाहिले. तिथे एक मोठी सोय होती. आकडा पाहून काय खायचे, इन्सुलिन किती घ्यायचे हे डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरलेल्या मर्यादेत रुग्ण स्वतःच ठरवू शकतो. गरोदरपणात तशी सोय नाही. पोटातल्या बाळाचे ठोके मंदावले हे घरी कळले, तरी त्यावर घरी करण्यासारखे काहीच नसते. रक्तदाब एकदम चढला तर औषध, तपासण्या आणि वेळ पडल्यास तातडीची प्रसूती हे सारे दवाखान्यातच व्हायचे. म्हणजे इथे यंत्र फक्त निरोप देते, उपचार दुसऱ्या कुणाला तरी करावा लागतो. गर्भारपणावर दुरून लक्ष ठेवणाऱ्या कंपन्यांची स्पर्धा मात्र आज निरोप अधिक बारीक, अधिक वेळा आणि अधिक सुबक कसा देता येईल यावर चालली आहे. ही स्पर्धा चुकीच्या मापाने मोजली जाते आहे, आणि माप बदलले नाही तर तिचा फायदा आईला कमी आणि विक्रेत्याला जास्त होईल, हे या लेखात मांडायचे आहे.

आधी मैदान पाहू. इस्रायलच्या नुवो कंपनीचा ‘इन्व्हू’ पट्टा पोटावर बांधला की बाळाच्या आणि आईच्या हृदयाचे विद्युत संकेत आणि आवाज दोन्ही टिपतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २०२० मध्ये त्याला परवानगी दिली. इस्रायलचीच हेरामेड कंपनी ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारात नोंदलेली आहे, तिचे यंत्र डॉप्लरवर, म्हणजे ध्वनिलहरींनी ठोके टिपण्याच्या तंत्रावर, चालते. पल्सनमोर तर मोबाइलला जोडायची छोटी सोनोग्राफीच घरी देते. वॉशिंग्टनची बेबीस्क्रिप्ट्स ठोक्यांच्या मागे न लागता रक्तदाबाचे यंत्र आणि ॲप रुग्णालयांना विकते. जपानच्या मेलडी इंटरनॅशनलची वायरविना चालणारी यंत्रे थायलंडच्या चिआंग माईपर्यंत गेली आहेत. प्रत्येक तंत्राची आपली अडचण आहे. डॉप्लर कधी कधी आईचेच ठोके बाळाचे म्हणून दाखवतो. विद्युत संकेत साधारण अठ्ठाविसाव्या ते बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास क्षीण होतात, कारण बाळाच्या अंगावरचा पांढरा स्निग्ध थर ते अडवतो. या अडचणींवर मात करण्यात खरी बुद्धी खर्च झाली आहे आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण अचूक मोजणे म्हणजे जीव वाचवणे नव्हे.

हा फरक स्पर्धेत दिसत का नाही, याचे उत्तर नियमांत आहे. अमेरिकेत अशी बहुतेक यंत्रे ‘५१०(के)’ नावाच्या वाटेने बाजारात येतात. आधीपासून मान्य असलेल्या यंत्राइतकेच आपले यंत्र सुरक्षित आणि परिणामकारक आहे, एवढे कंपनीने दाखवायचे असते. ते वापरल्याने किती बाळे वाचली किंवा किती मातांचा रक्तदाब वाढून येणारा झटका टळला, हे सहसा विचारले जात नाही. त्यात करोनाकाळ आला. एप्रिल २०२० मध्ये एफडीएने घरून देखरेख करणाऱ्या यंत्रांसाठी नियम तात्पुरते सैल केले. पैशाची गणितेही त्याच दिशेला ओढतात. दूरदेखरेखीसाठी अमेरिकी विमा ज्या संकेतांकाने पैसे देत आला, त्यात तीस दिवसांपैकी किमान सोळा दिवस यंत्राकडून नोंदी याव्यात अशी अट होती. मोबदला नोंदींच्या संख्येला बांधला की कंपनी नोंदी वाढवणारच. त्यात लबाडी नाही, जे मोजले जाते तेच विकले जाते इतकेच.

ही चूक नवीन असती तर थोडा काळ वाट पाहता आली असती. पण ती एकदा होऊन गेली आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत टोकोस, हेल्थडाइन अशा कंपन्यांनी गर्भाशयाच्या कळा घरी मोजणारी यंत्रे भाड्याने दिली. कळा लवकर कळल्या तर मुदतपूर्व प्रसूती थांबवता येईल, ही कल्पना पटण्यासारखीच होती. धंदा जोरात वाढला, १९९६ मध्ये या दोन कंपन्या एकत्रही आल्या. मग १९९८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २,४२२ स्त्रियांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला आठवड्यातून एकदा नर्सचा संपर्क, दुसऱ्याला रोज संपर्क, तिसऱ्याला रोज संपर्क आणि सोबत यंत्र. पस्तीस आठवड्यांआधी प्रसूत होणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे १४, १३ आणि १४ टक्के निघाले. यंत्राच्या गटात अवेळी दवाखाना गाठणे आणि कळा थांबवणारी औषधे घेणे मात्र वाढले. मोजमाप बरोबर असूनही उपयोग झाला नाही, कारण त्या कळा थांबवून प्रसूती लांबवण्याचा भरवशाचा उपाय वैद्यकाकडे नव्हता.

अलीकडचा पुरावाही याच दिशेने बोट दाखवतो. इंग्लंडमध्ये ‘बंप’ नावाच्या दोन चाचण्या झाल्या, त्यांचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. धोका अधिक असलेल्या २,४४१ गर्भवतींनी भाग घेतलेल्या पहिल्या चाचणीत, घरी रक्तदाब मोजून ॲपवर कळवणाऱ्या गटाचा उच्च रक्तदाब दवाखान्यात लक्षणीयरीत्या लवकर नोंदला गेला नाही. आधीच रक्तदाब असलेल्या ८५० जणींच्या दुसऱ्या चाचणीत तो अधिक आटोक्यातही आला नाही. ब्रिटन आणि आयर्लंडच्या ३३ रुग्णालयांत, चार लाखांहून अधिक गर्भारपणांवर झालेल्या ‘ॲफर्म’ अभ्यासात बाळाच्या हालचालींकडे लक्ष देण्याची शिकवण आणि हालचाल कमी झाल्यास ठरलेली कार्यपद्धती अमलात आणली गेली. मृतजन्म निश्चितपणे घटले असे दिसले नाही. कळा आणवण्याचे प्रमाण मात्र सुमारे ३६ टक्क्यांवरून ४१ वर आणि सिझेरियनचे साडेपंचवीसवरून २८ वर गेले. अधिक लक्ष म्हणजे अधिक सुरक्षितता हे समीकरण आपल्याला स्वाभाविक वाटते, आकडे त्याला साथ देत नाहीत.

मग दूरदेखरेख निरुपयोगी आहे का? मुळीच नाही, आणि तिच्या बाजूचा सर्वांत बोलका पुरावा अगदी साध्या साधनांनी मिळाला आहे. फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी गरोदरपणात रक्तदाब वाढलेल्या २०६ बाळंतिणींची चाचणी घेतली. अर्ध्या जणींना नेहमीप्रमाणे तपासणीला बोलावले. उरलेल्यांना रक्तदाबाचे साधे यंत्र देऊन घरी पाठवले आणि मोबाइलवर संदेशाने आकडा विचारला. पहिल्या दहा दिवसांत रक्तदाबाची नोंद मिळाली ती पहिल्या गटात ४४ टक्के आणि दुसऱ्या गटात ९२ टक्के बाळंतिणींची. २०१८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो का यशस्वी झाला, हे नीट पाहायला हवे. प्रसूतीनंतरचा पहिला आठवडा झटका आणि पक्षाघाताच्या दृष्टीने धोक्याचा असतो. त्याच वेळी बाळाला घेऊन दवाखान्यात जाणे सर्वांत कठीण असते. चढलेल्या रक्तदाबावर खात्रीचे औषध उपलब्ध आहे. आणि आलेला आकडा वाचून औषध सुरू करणारा डॉक्टर ठरलेला होता. धोका नेमका, उपाय हाताशी आणि जबाबदारी निश्चित, या तीन गोष्टी जुळल्या तिथे शंभर संवेदकांची गरज पडली नाही.

यावर पहिला आक्षेप अंतराचा येईल. अमेरिकेच्या एक तृतीयांशाहून अधिक काउंट्यांमध्ये प्रसूतीची सोयच नाही. तिथल्या स्त्रीला तास दोन तास गाडी चालवण्याऐवजी घरी पट्टा बांधता आला तर काय वाईट? वाईट काहीच नाही, उलट फेऱ्या वाचणे हा स्वतःच एक लाभ आहे आणि तो त्याच नावाने विकला जावा. पण पट्ट्याने धोक्याची खूण दिली की तेच अंतर तिला कळा सोसत कापायचे आहे. दूर राहणाऱ्या स्त्रीला यंत्राइतकीच वाहनाची आणि जवळच्या सुसज्ज प्रसूतिगृहाची गरज असते. यंत्र दिले म्हणून प्रसूतिगृह बंद करणे सोपे झाले, तर तिची स्थिती आधीपेक्षा वाईट होईल.

दुसरा आक्षेप मनःशांतीचा आहे. ठोके ऐकून आईला धीर येतो, त्याला किंमत नाही का? आहे, पण तो धीर खोटाही ठरू शकतो. ब्रिटनमध्ये घरगुती डॉप्लरवर ठोके ऐकू आले म्हणून, बाळाची हालचाल मंदावूनही, एक स्त्री दवाखान्यात जायची थांबली आणि बाळ गेले, अशी नोंद २००९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डॉक्टरांनीच केली. प्रशिक्षण नसलेल्या कानाला वारेतला किंवा आईच्या रक्तवाहिनीतला आवाजही बाळाचाच वाटतो. तिसरा आक्षेप उद्योगाचा आहे. मोठ्या चाचण्यांचा आग्रह धरला तर छोट्या कंपन्या तग धरतील कशा? मात्र पुराव्याविना धावूनही त्या तगतातच असे नाही. नुवो मे २०२४ मध्ये अमेरिकी शेअर बाजारात उतरली आणि ऑगस्टमध्येच तिने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. कंपनी अडचणीत आली की पट्टा बांधलेल्या स्त्रीचे पुढचे आठवडे आणि तिच्या शरीराची साठलेली माहिती कोणाच्या हवाली होणार, हा प्रश्न करार करतानाच विचारायला हवा.

आपल्याकडचे चित्र थोडे वेगळे आहे आणि त्यात आशेला जागा आहे. मुंबईच्या केअरएनएक्स कंपनीचे ‘फीटोसेन्स’ आणि बंगळुरूच्या जनित्रीचे ‘केयार’ ही यंत्रे मुख्यतः नर्स, आरोग्यसेविका आणि छोटी रुग्णालये यांच्या हाती देण्याच्या विचाराने घडली. म्हणजे निरोप घेणारी प्रशिक्षित व्यक्ती सुरुवातीपासून गृहीत धरलेली आहे. घरगुती सोनोग्राफीचा मार्ग १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने आपल्याकडे रोखलेला आहे, आणि १९८८ मध्येच असा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला त्याचे कारण सांगायला नको. २०१८-२० मध्ये देशाचा मातामृत्यू दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ होता, महाराष्ट्राचा ३३. पण मेळघाट किंवा धडगाव-अक्कलकुव्यातल्या पाड्याची सरासरी राज्याच्या सरासरीत दिसत नाही. तिथे मृत्यूचे मोठे कारण प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आहे आणि ठोके मोजणारा कोणताही पट्टा तो थांबवत नाही. त्याला रक्त लागते, औषध लागते, वेळेवर पोहोचणारी १०८ रुग्णवाहिका लागते.

म्हणून खरेदीदाराने, मग तो शासन असो, विमा कंपनी असो वा खासगी रुग्णालय, निविदेत संवेदकांची संख्या विचारण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. धोक्याची खूण आल्यावर किती मिनिटांत कोण उत्तर देणार? त्या खुणेवर कोणता सिद्ध उपाय आहे? खोट्या इशाऱ्यांमुळे किती जणी विनाकारण दाखल झाल्या किंवा सिझेरियनला सामोऱ्या गेल्या, याचा हिशेब कोण ठेवणार? आणि कंपनी बंद पडली तर रुग्णाचे काय? पैसे नोंदींमागे न देता पूर्ण झालेल्या उपचारामागे दिले, तर याच कंपन्या याच हुशारीने नर्सचे काम हलके करण्यात, वाहन जोडून देण्यात आणि बाळंतिणीचा पहिला आठवडा सांभाळण्यात स्पर्धा करतील. ती स्पर्धा आपल्याला हवी आहे, आणि ती घडवणे यंत्र बनवणाऱ्यापेक्षा यंत्राचे पैसे देणाऱ्याच्या हातात अधिक आहे.

(पुढील लेखांकात : घरी जमा झालेल्या आरोग्यनोंदींवर मालकी कोणाची?)