मालवणचे प्रवाळ आणि लोंबणारे पाय

मालवणला 'स्कूबा करून आलो' असे कोणी सांगितले, की मी एकच विचारतो: खाली पाय कशावर टेकले होते? बहुतेक जण सहज सांगतात, 'खडकावर.' तो पुष्कळदा नुसता खडक नसतो.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर; त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग गाभा. पद्मगड आणि आसपासचे बुडालेले खडक त्यातच येतात. लक्षद्वीपच्या छायाचित्रांतली फांद्याफांद्यांची रंगीत बाग मनात धरून आलेल्याला इथले प्रवाळ ओळखूच येत नाहीत. पाणी गढूळ, म्हणून इथे तग धरतात ते पोराइट्स, फेव्हाइटिस यांसारखे गोट्याच्या किंवा सालीच्या आकाराचे, मातकट रंगाचे प्रकार. (अंगठीतले पोवळे वेगळे. ते मुख्यतः भूमध्य समुद्रातले. ते असे खडक बांधत नाही.)

या 'गोट्या'वर जिवंत भाग म्हणजे वरचा पातळ थर. त्यात लहान लहान जीव दाटीने राहतात आणि त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल असते. शैवाल उन्हावर अन्न बनवते, त्यावर प्रवाळाचे घर चालते. टाच घासली की तो थर फाटतो. गाळ उडाला की ऊन अडते, आणि अंगावर बसलेला गाळ चिकट स्राव सोडून झटकण्यात प्रवाळाची शक्ती खर्च होते. पोराइट्सचा गोटा वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे वीतभर उंचीचा गोटा तुमच्या कॉलेजातल्या मुलाच्या वयाचा!

आता दोष नुसत्या बेफिकिरीचा नाही. पाण्यात माणूस वर येऊ नये म्हणून कमरेला शिशाची वजने बांधतात, आणि जाकिटातली हवा कमीजास्त करून अधांतरी, आडवे राहायचे असते. ही कला शिकायला काही दिवस लागतात. पोहताही न येणाऱ्याला ती पंधरा-वीस मिनिटांत कशी येणार? मार्गदर्शक मागून सिलिंडर धरतो, फोटोसाठी पर्यटक ताठ होतो, पाय खाली लोंबतात. २००१ पासून खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. पण वाघावर कोणी उभे राहत नाही.

अभयारण्याला स्थानिक मच्छीमारांचा विरोध पहिल्यापासून होता. मासेमारीवर गदा येईल ही धास्ती. पर्यटन वाढले ते नंतर. आज त्यांच्यातलेच कित्येक जण होड्या चालवतात, पर्यटकांना बुडी देतात. त्यामुळे 'सगळे बंद करा' हा शहरी उपाय मला पटत नाही. पर्यटकाला आधी वाळूच्या तळावर आडवे तरंगायला शिकवावे, जमले तरच खडकाकडे न्यावे. होडीने नांगर टाकण्याऐवजी कायमच्या बोयाला दोर बांधावा. स्नॉर्कलिंगला तर भरतीची वेळ धरावी. ओहोटीला पाणी कमरेइतके उरते, मास्कमध्ये चार थेंब शिरले की माणूस घाबरून आपोआप उभा राहतो.