रॅलीची गाडी कुणाच्या पैशावर धावते?

२ नोव्हेंबर २०१६ रोजी फोक्सवॅगन या जर्मन कंपनीने जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धेतून माघार घेत असल्याचे जाहीर केले. २०१३ ते २०१६ या चार हंगामांतल्या ५२ रॅलींपैकी ४३ तिच्या पोलो गाड्यांनी जिंकल्या. चालकांचा आणि उत्पादकांचा, असे दोन्ही किताब चारही वर्षे तिच्याकडेच होते. पुढच्या वर्षीच्या नव्या नियमांनुसार गाडी बांधून झाली होती, तिच्या चाचण्याही चालू होत्या. ती गाडी जागतिक स्पर्धेत कधीच उतरली नाही.

हरणाऱ्याने मैदान सोडावे हे समजते; पण जिंकणाऱ्याने? याचे उत्तर रॅलीच्या अर्थकारणात आहे. ही शर्यत बंदिस्त मैदानात होत नाही. जंगलातले कच्चे रस्ते, डोंगरातले घाट, बर्फ अशा शेकडो किलोमीटरच्या वाटेवर ती पसरलेली असते आणि प्रेक्षक रस्त्याकडेला उभे असतात. तिकिटांवर पथके पोसली जाणे अशक्य. खर्च मात्र प्रचंड. गाडीतल्या चालक आणि सहचालकामागे अभियंते, यांत्रिक, सुटे भाग, टायर, वाहतूक असा मोठा फौजफाटा खंडोखंडी हिंडत असतो. हा भार मुख्यतः गाड्या बनवणाऱ्या कंपन्या उचलतात, आणि उरलेला प्रायोजक.

एके काळी उत्पादकांचा यातला स्वार्थ सरळ होता. ‘ग्रुप ए’ नियमांच्या काळात रॅलीत उतरवायची गाडी आधी ठरावीक संख्येने बाजारासाठी बनवावी लागे; ही अट सुरुवातीला ५,००० गाड्यांची होती, पुढे ती २,५००वर आली. म्हणजे चिखलात जिंकणारी गाडी आणि दुकानात मिळणारी गाडी यांत खरोखरीचे नाते होते. लॅन्सिया डेल्टा, मित्सुबिशी लॅन्सर इव्होल्यूशन, सुबारू इम्प्रेझा यांचे नाव झाले ते त्यामुळे. १९९७ पासून ‘वर्ल्ड रॅली कार’चे नियम आले, ही अट सैल झाली आणि नाते पातळ होत गेले. विजयाचे मोल आता विक्रीपेक्षा जाहिरातीत मोजले जाऊ लागले. जाहिरातीचा पैसा मंजूर करणारे लोक सहसा रॅलीच्या रस्त्याकडेला उभे नसतात.

सुबारूचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. गाडी जपानी, पण पथक चालवत होती इंग्लंडमधल्या बॅनबरी येथील ‘प्रोड्राइव्ह’ ही डेव्हिड रिचर्ड्स यांची संस्था. प्रायोजक ब्रिटिश अमेरिकन टोबॅको, आणि गाडीवर नाव ‘५५५’ या सिगारेटचे, जिचा बाजार प्रामुख्याने आशियात होता. त्या पाकिटावरून आलेली निळी-पिवळी रंगसंगती हीच सुबारूची ओळख बनली. कॉलिन मॅकरे यांनी १९९५ मध्ये, रिचर्ड बर्न्स यांनी २००१ मध्ये आणि पेटर सोलबर्ग यांनी २००३ मध्ये तिच्यातून विश्वविजेतेपद मिळवले. तंबाखूच्या जाहिरातींवरचे कायदे कडक झाले तेव्हा सिगारेटचे नाव गाडीवरून उतरले. निळा-पिवळा रंग मात्र राहिला. प्रायोजकापेक्षा त्याचा रंग जास्त टिकावा, हा एक मजेदार न्यायच म्हणायचा.

मग २००८ची जागतिक मंदी आली. १५ डिसेंबर रोजी मारुतीमुळे आपल्या परिचयाच्या सुझुकीने पहिल्याच पूर्ण हंगामानंतर माघार घेतली आणि दुसऱ्या दिवशी सुबारूनेही. हंगाम महिन्याभरावर आलेला, आणि सोलबर्ग यांच्यासारख्या विश्वविजेत्याला गाडी नाही. त्यांनी २००९ मध्ये स्वतःचे पथक उभारले आणि सिट्रोएनची जुनी झारा घेऊन उतरले.

फोक्सवॅगनच्या वेळी हेच जरा अधिक क्रूरपणे घडले. डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचण्यांतली लबाडी सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झाली होती. कंपनीने माघारीचे कारण विजेवरच्या गाड्यांकडे वळण्याचे दिले. तिजोरीवरचा ताण त्यात नव्हता असे मानणे भोळेपणाचे ठरेल. आंद्रेआस मिकेल्सन यांनी नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियातली अखेरची रॅली जिंकली आणि एकूण गुणांत तिसरे स्थान मिळवले. जानेवारीत मोंटे कार्लोला ते खालच्या श्रेणीतली श्कोडा चालवत होते. त्यांचे सहकारी, विश्वविजेते सेबास्तियन ओजिए, इंग्लंडच्या उत्तरेकडील माल्कम विल्सन यांच्या ‘एम-स्पोर्ट’ या खासगी पथकात गेले. फोर्डने २०१२ अखेर या पथकावरचा अधिकृत हात काढून घेतला होता. तरी विल्सन यांनी फोर्डच्याच गाड्या बांधून, मिळतील त्या प्रायोजकांवर पथक जिवंत ठेवले होते. २०१७ मध्ये या पथकाने दोन्ही किताब जिंकले. त्यानंतर फोर्डने पाठिंबा पुन्हा वाढवला, हे ओघानेच आले.

आधार केवळ रोख रकमेचा नसतो. अभियंते देणे, सुटे भाग पुरवणे, चाचण्यांचा खर्च उचलणे हीदेखील मदतच. श्कोडाने तर वेगळीच वाट काढली: सर्वोच्च श्रेणीचा हव्यास सोडून दुसऱ्या श्रेणीच्या फाबिया गाड्या जगभरातल्या खासगी पथकांना विकायच्या. इथे रॅली हा खर्च न राहता धंदा होतो, आणि धंदा कंपनी सहसा एका बैठकीत गुंडाळत नाही. गौरव गिल यांनी २०१६ आणि २०१७ मध्ये आशिया-पॅसिफिक अजिंक्यपद मिळवले ते अशाच श्कोडात, चेन्नईच्या एमआरएफच्या टायरांवर. याच एमआरएफच्या पथकातून स्पेनचे एफ्रेन यारेना २०२२ मध्ये युरोपचे विजेते झाले. टायर कंपनीला रॅलीचा रस्ता ही फुकटात न मिळणारी प्रयोगशाळाच वाटते. हिरोचेही तसेच: २०२४च्या डकार रॅलीत तिच्या मोटारसायकलीवर बोत्स्वानाचे रॉस ब्रँच दुसरे आले. मात्र या पैशाच्या पलीकडच्या किमतीही असतात. जानेवारी २०२० मध्ये याच डकारमध्ये हिरोचे पाउलो गोन्साल्विस अपघातात मरण पावले आणि पथकाने उरलेल्या स्पर्धेतून माघार घेतली.

२०१९ अखेर ओजिए सोडून गेल्यावर सिट्रोएननेही गाशा गुंडाळला. तेव्हापासून वरच्या श्रेणीत टोयोटा, ह्युंदाई आणि एम-स्पोर्ट एवढीच पथके उरली. तिघांतला एक जरी उठला तरी खेळ अडचणीत येईल, हे आंतरराष्ट्रीय मोटार महासंघालाही कळते. म्हणून २०२७ पासूनच्या नियमांत गाडीच्या किमतीवर ३ लाख ४५ हजार युरोंची मर्यादा घातली आहे, आणि मोटार कंपनी नसलेल्या बांधणीकारांनाही वरच्या श्रेणीची गाडी घडवण्याची मुभा दिली आहे.